समासातली पेन्सिल

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमची नजर आता अधू झाली आहे, तेव्हा हे पत्र पाळकीणबाई तुम्हाला वाचून दाखवतील असं धरूनच लिहितो आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुमचं ऋण एकट्या माझ्यावर नाही. ज्या ख्रिस्ती मंडळीपुढे मी आज देवाचं वचन घेऊन उभा राहतो, तिच्यातल्या प्रत्येकापर्यंत तुम्ही दिलेलं काही ना काही पोहोचलं आहे. ते कुठून आलं हे त्यांनाही कळायला हवं.

उपासनेतला माझा पहिला संदेश आठवतो तुम्हाला? चांगला पाऊण तास बोललो होतो. ग्रीक शब्द, टीकाग्रंथ, सेमिनरीत वहीत उतरवलेलं होतं नव्हतं ते सगळं. उपासना संपल्यावर दाराशी तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि लोकांना म्हणालात, "आमचा भाऊ मन लावून तयारी करतो." एवढंच. मग माझे कागद मागून घेतलेत आणि मंगळवारी मला घरी बोलावलंत. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. तिसऱ्या पानावर, "इथे तू बोलतोस. वचन कुठे आहे?" शेवटच्या पानावर, "हे वाक्य रात्री झोपताना आठवलं. देवाची स्तुती." दोन्हीकडे अक्षर सारखंच हलकं, खोडरबराने सहज पुसलं जाईल असं. मी ते पुसलं नाही. कागद अजून माझ्या बायबलच्या मागच्या पुठ्ठ्यात आहेत.

बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अपुल्लो या उपदेशकाबद्दल वाचताना आपण त्याच्या वक्तृत्वापाशी थांबतो. मी हल्ली प्रिस्किल्ला आणि अक्विला या विश्वासी जोडप्यापाशी थांबतो. शास्त्रात पारंगत असा हा माणूस, पण ठाऊक काय, तर फक्त योहानाचा, म्हणजे येशूच्या आधीचा पश्चात्तापाचा बाप्तिस्मा. तरी इफिसच्या सभास्थानात त्यांनी त्याला चारचौघांत अडवलं नाही. जवळ बोलावून देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. तुम्हीही मला चुकलो तेव्हा एकट्यात सांगितलंत आणि चारचौघांत माझ्या बाजूला उभे राहिलात. याच्या उलट वागणारे मी पुष्कळ पाहिले. तरुण सेवक कायमचे मिटून जातात ते त्यामुळेच, असं माझं मत आहे.

आणि तो अंत्यविधी. चार वर्षांचं लेकरू होतं. मी रात्रभर जागून सांत्वनाचे शब्द जुळवले होते. त्या घराच्या उंबऱ्यावर तुम्ही माझ्या हातातला कागद घेऊन दुमडलात आणि स्वतःच्या खिशात ठेवलात. "दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री गप्प बसले होते तोवर बरोबर होते," तुम्ही म्हणालात, "बोलायला लागले तिथे चुकले. चल, बसू." आपण बसलो. त्या बापाने बऱ्याच वेळाने तुमचा हात धरला आणि सोडलाच नाही. तुमची बोटं पांढरी पडलेली मी पाहत होतो, पण तुम्ही हात हलवला नाहीत. सांत्वन करणं म्हणजे काय हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढे मंडळीत वाद झाला. त्यात चूक माझीही होती. मी सेवा सोडून घरी बसलो. तेव्हा योहान मार्क आठवायचा. प्रेषित पौलाचा हा सोबती सेवेच्या प्रवासात पंफुलियातून अर्ध्यावर परतला होता, म्हणून पौल त्याला पुन्हा सोबत न्यायला तयार नव्हता. पौलाचा सहकारी बर्णबा याने मात्र त्याला घेतलं आणि कुप्र बेटावर नेलं. पुढे त्याच पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलं की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या काळात बर्णबाने त्याच्यासाठी काय केलं, हे प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने लिहिलेलं नाही. माझ्या सहा महिन्यांचं मी सांगू शकतो. दर गुरुवारी तुम्ही यायचात, एक स्तोत्र वाचायचात, प्रार्थना करून निघायचात. "परत कधी येतोस?" असं एकदाही विचारलं नाहीत.

माझ्या सेमिनरीतल्या मित्राचेही आभार इथेच मानतो. तो आजही शनिवारी रात्री फोन करून एकच प्रश्न विचारतो, "मंडळीसाठी नव्हे, स्वतःसाठी प्रार्थना केलीस का?" खोटं उत्तर त्याला लगेच कळतं.

पाळकीणबाई, हा भाग तुम्ही गाळून पुढे जाल, म्हणून विनंती करतो, मोठ्याने वाचा. रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात पौल रूफाला सलाम सांगतो आणि त्याच्या आईलाही, जिला तो "माझीही आई" म्हणतो. तिने नेमकं काय केलं ते तो सांगत नाही. मलाही सगळं सांगता येणार नाही. पाळक म्हणून माझ्या दीक्षाविधीच्या आदल्या रात्री मी घाबरून तुमच्या दाराशी आलो होतो, तेव्हा तुम्ही काहीही न विचारता दिवा लावलात आणि खुर्ची पुढे केलीत.

साहेब, येत्या रविवारच्या संदेशाचे कागद सोबत ठेवले आहेत. बाईंकडून वाचून घ्या. समास रुंद सोडला आहे. काय खटकलं ते मंगळवारी सांगा, मी पेन्सिल घेऊन येतो. या वेळी तुम्ही सांगा, मी लिहून घेईन.

तुमचा,
प्रभूमधला धाकटा भाऊ