देखरेख मध्यवर्ती हवी, सर्व्हर नव्हे

महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमीलेयरच्या दाखल्यांसाठी सेतू केंद्रांबाहेर रांगा लागतात आणि खिडकीतून ठरलेले उत्तर येते, ‘सर्व्हर डाऊन आहे’. पुष्कळदा सर्व्हर धडधाकट असतो. पोर्टलवर कोणीतरी ओटीपीच्या एसएमएसचा मजकूर बदललेला असतो, पण दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी यादीत (संदेशांचे मंजूर नमुने नोंदवायची यादी) जुनाच नमुना नोंदलेला असतो. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी असा संदेश वाटेतच अडतो. कधी सही करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली होते, नव्या अधिकाऱ्याची डिजिटल सही प्रणालीला जोडायची राहते आणि तयार दाखले लॉगिनमध्ये पडून राहतात. कधी संकेतस्थळ खरे आणि सुरक्षित असल्याची ग्वाही देणारे एसएसएल प्रमाणपत्र नेमके सुट्टीच्या दिवशी संपते. यांतला एकही बिघाड यंत्राचा नाही. कोणती तारीख कोणी सांभाळायची, हेच कुठे लिहिलेले नसते.

त्यामुळे राज्याच्या सगळ्या विभागांच्या आयटीवर एकाच यंत्रणेची देखरेख हवी, हे म्हणणे रास्त आहे. पण देखरेख म्हणजे काय हे आधी ठरवले नाही, तर सगळी खरेदी एकाच टेबलावरून होऊ लागते आणि तेवढ्यालाच देखरेख म्हटले जाते.

पहिले काम अगदी कारकुनी आहे, एक नोंदवही. प्रत्येक पोर्टल आणि ॲपसाठी एक ओळ. त्यात जबाबदार अधिकाऱ्याचे पद (नाव लिहून उपयोग नाही, बदली होते), डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) कोणाच्या नावावर आहे, कंत्राट कधी संपते, शेवटचे सुरक्षा ऑडिट कधी झाले, एसएसएल आणि डिजिटल सह्यांची मुदत कधीपर्यंत आहे. डोमेनचा रकाना विशेष महत्त्वाचा. योजनेचे डोमेन कंत्राटदाराच्या नावावर घेतले असेल तर कंत्राट संपल्यावर त्याचे नूतनीकरण कोणी करत नाही, आणि सरकारी पत्रकांवर छापलेल्या त्याच पत्त्यावर पुढे जुगाराची जाहिरात दिसू शकते.

एसएसएलच्या बाबतीत तर आता पर्यायच उरलेला नाही. या प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांची होती. जागतिक नियमानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवसांची. पूर्वी वर्षातून एकदा हाताने करायचे काम त्यानंतर वर्षाला आठेक वेळा येणार. विभागागणिक एक माणूस आणि एक एक्सेल शीट यांच्या बळावर ते निभणार नाही. नूतनीकरण आपोआप व्हावे अशी एकच व्यवस्था सगळ्यांसाठी लागेल.

लॉगचेही, म्हणजे सर्व्हरवर कोणी कधी काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींचेही, तसेच. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. लिनक्सच्या अनेक सर्व्हरवर मूळ मांडणीत लॉगची फाइल दर आठवड्याला बदलते आणि जुन्या चारच राहतात. घुसखोरी दोन महिन्यांनी लक्षात आली तर पाहायला काही उरलेले नसते. म्हणून लॉग त्या सर्व्हरवर न ठेवता रोजच्या रोज बाहेर, मध्यवर्ती साठ्यात पाठवायला हवेत, आणि तिथले काही पुसण्याचा अधिकार कंत्राटदाराला नसावा.

मध्यवर्ती यंत्रणेचे खरे कसब लागते ते माहितीच्या प्रमाणीकरणात. ‘कऱ्हाड’ हे तालुक्याचे नाव घ्या. यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एक, नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी गावे. त्यात कोणी ‘कराड’ लिहिले की तिसरे. कुऱ्हाडे आडनावाच्या अर्जदाराचा अर्ज ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत येतो, तेव्हा खिडकीवरच्या माणसाला दोन्ही नावे तंतोतंत एकच दिसत असतात. तो बिचारा काय समजावणार! युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या जागतिक पद्धतीचे नेहमीचे प्रमाणीकरण चालवूनही हा फरक मिटत नाही. वेगळा नियम लिहावा लागतो. तो एकदाच लिहून सगळ्या विभागांना बंधनकारक करावा. गावांची जुळणी तर नावावरून करूच नये. केंद्राच्या एलजीडी या गावे व स्थानिक संस्थांच्या यादीतला सांकेतांक त्यासाठीच आहे.

आता सर्व्हरविषयी. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने २००३ मध्ये सरकारी आयटी एका संस्थेकडे आणले आणि पुढे ते चालवण्याचे काम एका बड्या कंपनीला दिले. ऑगस्ट २०१० मध्ये डेटा साठवणाऱ्या एका यंत्रातली मेमरी बिघडली आणि २६ खात्यांचे काम एकदम बसले. वाहनचालक परवाने जवळपास आठवडाभर मिळेनात. दुसऱ्या केंद्रावर प्रत तयार होत होती, पण दुरुस्तीला हात घालण्याआधी ती पाठवणे थांबवले नव्हते, त्यामुळे खराब झालेली माहिती तिकडेही पोहोचली. शेवटी टेपवरून माहिती परत आणावी लागली. आपल्याकडे निविदांत ‘डीआर साइट (संकटकाळचे पर्यायी केंद्र) आहे’ एवढ्यावर बॅकअपच्या रकान्यात बरोबरची खूण होते, ती दुसऱ्या केंद्रावरची प्रत म्हणजेच बॅकअप या गैरसमजातून.

म्हणून नियम एका हाती असावेत आणि यंत्रे वेगवेगळी. आणि करणारा व तपासणारा एक नसावा. महाआयटी हे सरकारचे महामंडळ विभागांना कामे करून देते, तेव्हा त्या कामांची तपासणी त्याच्याकडे किंवा त्याच्या कंत्राटदारांकडे असू नये. सोर्स कोड (प्रणालीचा मूळ प्रोग्राम) ताब्यात घेताना नुसती सीडी किंवा झिप फाइल मोजून चालत नाही. तिऱ्हाईत माणसाने कोऱ्या मशीनवर तो कोड बांधून प्रणाली चालू करून दाखवली तरच तो मिळाला असे समजावे.

बॅकअपची परीक्षाही अशीच, दर तीन महिन्यांनी. कोऱ्या सर्व्हरवर बॅकअप उतरवायचा, मग विभागाच्या कारकुनाने मनाला येतील ते वीस अर्ज क्रमांक सांगायचे आणि ते जोडलेल्या कागदपत्रांसह उघडतात का पाहायचे. बऱ्याचदा डेटाबेस परत येतो, पण पीडीएफचा फोल्डर बॅकअपमध्ये घेतलेलाच नसतो. चाचणीअखेर दोन आकडे लिहायचे. प्रणाली उभी राहायला किती तास लागले आणि परत आलेली माहिती किती तास जुनी होती. अनेक सरकारी पोर्टलच्या तळाशी ‘एकूण अभ्यागत’ छापलेले असते, त्याच्या शेजारी हे दोन आकडे आणि चाचणीची तारीख छापायला हरकत नसावी.

– एक वाचक, पुणे