इथेनॉलचा दुसरा हिशेब: केंद्रीय अन्नमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री, नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले आणि त्यामुळे किती परकीय चलन वाचले, हे पेट्रोलियम मंत्रालय वारंवार सांगते. धान्यबाजारावर झालेल्या परिणामांचा हिशेब मात्र आपल्या खात्याने मांडायचा आहे.

२०२३ च्या जुलैत अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी देणे थांबले आणि डिसेंबरात उसाच्या रसावर निर्बंध आले. त्यानंतर मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये असा सर्वांत चढा दर मिळाला. क्विंटलभर मक्यातून ढोबळमानाने ३८ लिटर इथेनॉल निघते, म्हणजे कारखानदाराला तेल कंपन्यांकडून २,७०० रुपयांची हमखास विक्री, शिवाय प्रकल्पाच्या कर्जावर व्याजसवलत. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मकाच असतो. पण ठरल्या दराने अंडी उचलणारी सरकारी कंपनी कुक्कुटपालकाला कुठून मिळणार? मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणू लागला.

मका उत्पादकाला चांगला भाव मिळाला, हे योग्यच झाले. पण पुढे महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ क्विंटलला २,२५० रुपयांनी, म्हणजे खरेदी-साठवणुकीच्या खर्चापेक्षा बऱ्याच कमी दराने, इथेनॉलसाठी मंजूर झाला आणि २०२५ च्या अखेरीस तोच मका अनेक बाजारांत २,४०० रुपयांच्या हमीभावाखाली विकला गेला.

मराठवाड्यातल्या सोयाबीनला तर या धोरणाचा उलटाच फटका बसला. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा, ज्याला व्यापारी ‘डीडीजीएस’ म्हणतात, पशुखाद्यात सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. पेंडीला उठाव नसेल तर तेल गिरण्या सोयाबीनला भाव देत नाहीत. २०२४ च्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली राहण्याचे हे एकमेव नव्हे, पण ठळक कारण होते. निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करणाऱ्या देशाने पेट्रोलसाठी तेलबियांचा शेतकरी नाउमेद करावा, हा व्यवहार मला तरी कळत नाही.

म्हणून विनंती अशी की, नोव्हेंबरात सुरू होणाऱ्या प्रत्येक इथेनॉल वर्षापूर्वी खरिपाचे अंदाज, पशुखाद्याची गरज आणि महामंडळाचा साठा पाहून कोणते धान्य किती वळवणार याची मर्यादा जाहीर करावी, ती हंगामाच्या मध्यावर बदलू नये, आणि असा ताळेबंद संसदेपुढे ठेवल्याशिवाय वीस टक्क्यांपुढच्या मिश्रणाला आपल्या खात्याने संमती देऊ नये.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक सोयाबीन उत्पादक