लहान ॲम्पमधला खर्ज

पुणे, रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

काल फोनवर तू म्हणालास, "बेस गिटारचा ॲम्प विकून टाकतो, यात खर्जच नाही." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. विकू नकोस रे. हे पत्र वाच, एक संध्याकाळ त्याच्यासोबत बस, मग काय ते ठरव.

आधी बेसचं, म्हणजे खालचे स्वर वाढवणारं बटण बघ. खर्ज हवा म्हणून तू ते पूर्ण उजवीकडे फिरवलं असणार. पहिले सहा महिने मीही तेच करत होतो. ते दहावर आण, म्हणजे घड्याळात काटा दहावर असतो तिथे. आवाज बारीक झाल्यासारखा वाटेल, वाटू दे. आपली जाड ई तार मोकळी छेडली की 41 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 41 कंपनांचा स्वर निघतो आणि तुझा स्पीकर आहे आठ इंची. तेवढ्याच जोराचा स्वर एक सप्तक खाली काढायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. एवढ्याशा पडद्याला ते झेपत नाही. तो फडफडतो, आणि तुझ्या 25 वॉटमधली बरीच ताकद त्या फडफडीतच जाते.

मग ई ऐकू कशी येणार? काकूंचा तानपुरा आठव. गंधाराची तार त्यावर नसते, तरी तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून तो स्वयंभू गंधार अलगद वर येतो. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो स्वर तारेच्या पोटातच असतो. आपल्या ई तारेच्या पोटातही 82, 123, 165 असे स्वर असतात. तुझा स्पीकर 82 जेमतेम काढेल, पण पुढचे व्यवस्थित वाजवतो. ते स्वच्छ ऐकू आले की खालचा 41 आपला कान स्वतःच भरून काढतो. तानपुऱ्यात वरचा स्वर न लावता मिळतो, इथे खालचा. म्हणून लहान ॲम्पमधला खर्ज शोधायचा तो मिडच्या, म्हणजे मधल्या स्वरांच्या बटणात. ते दोनवर ने आणि ई तारेवर एकच स्वर पाच मिनिटं वाजवत राहा. हळूहळू तो गोल होत जातो, तुला कळेल.

ट्रेबल, म्हणजे वरच्या स्वरांचं बटण, अकराच्या आसपास ठेव. ते तानपुऱ्याच्या तारेला झणकार देणाऱ्या जवारीसारखं आहे. थोडं हवंच, पण वाढलं की तारेवर घासणारं बोटच जास्त ऐकू येतं.

जागेचं मात्र मनावर घे. आता ॲम्प जमिनीवर आहे, म्हणजे तो तुझ्या पोटऱ्यांना ऐकू जातोय. पुढच्या कडेखाली जाडशी वही सरकव, तोंड वर कर. आणि कोपऱ्याजवळ ने. दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे स्वर फुकटात वाढवतात. अगदी कोपऱ्यात मात्र घुसवू नकोस. माझ्याकडे तसं केल्यावर मोकळी ए तार वाजली की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायला लागायच्या, आणि ए बाकीच्या स्वरांच्या दुप्पट घुमायचा. फूटभर बाहेर ओढल्यावर थांबलं.

आवाज बदलला की बटणंही बदलायची. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच ते मोजून दाखवलं होतं. त्यामुळे रात्री हळू वाजवताना बेस बारावर ठेवलास तरी चालेल, पडद्यावर तेव्हा ताण नसतो. तालमीला आवाज वाढवलास की परत दहावर.

आणि हात. गिटारच्या गळ्याच्या टोकाशी छेडलंस तर स्वर मऊ, भरीव येतो, ब्रिजपाशी, म्हणजे खाली तारा टेकतात तिथे, कडक. नुसतं इंचभर सरकून बघ, कुठल्याही बटणापेक्षा जास्त फरक पडतो. एवढं करूनही गढूळ वाटलं, तर भांडी घासायचा कोरा स्पंज पट्टीसारखा कापून ब्रिजपाशी तारांखाली खोच. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन ब्रिजच्या झाकणाखाली असाच फोम ठेवायचा, तारा सपाट गुंडाळीच्या, आणि वाजवायचा उजव्या हाताच्या एकाच बोटाने. स्वर लांबत नाही, पण प्रत्येक ठोका सुटा आणि गोल येतो.

परवा रात्री मी हे सगळं लावून अगदी हळू वाजवत होतो. बाबा आतून विचारतात, "डग्गा कोणी आणला रे?" इतका आनंद मला महिन्याभरात झाला नव्हता. तुझ्या ॲम्पएवढ्याच ॲम्पमधून आला होता तो आवाज.

उद्या लावून बघ आणि मला बटणांचा फोटो पाठव, ॲम्प कुठे ठेवलास तेही दिसू दे. ए घुमत असेल तर आधी जागा बदल, बटणांना नंतर हात लाव. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच