पाचामांका म्हणजे जमिनीतले बार्बेक्यू नव्हे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पेरू देशातील खाद्यभ्रमंतीवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ‘पाचामांका’ची ओळख ‘जमिनीत पुरलेले इंकांचे बार्बेक्यू’ अशी करून दिली आहे. शिवाय, पर्यटकांनी दुपारी खड्डा उघडण्याच्या कार्यक्रमाचे तिकीट काढून अर्ध्या तासात तो पाहून घ्यावा, असा सल्लाही दिला आहे. लेख वाचनीय आहे आणि छायाचित्रे सुरेख आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु गेल्या वर्षी मे महिन्यात मला व माझ्या पत्नीला पेरूच्या मध्य अँडीजमधील मांतारो नदीच्या खोऱ्यात, एका केचुआ कुटुंबाच्या अंगणात, हा स्वयंपाक पहाटेपासून दिवस कलेपर्यंत पाहण्याचा आणि त्यात थोडाफार हात लावण्याचा योग आला. त्या अनुभवावरून मला असे वाटते, की लेखातील वर्णन मूळ गोष्टीच्या जवळपासही जात नाही आणि त्यातील सल्ला तर उलटाच आहे. खड्डा उघडताना जाणारा माणूस फक्त जेवून येतो. पाचामांका पाहायची असेल, तर दगड तापायला लागतात तेव्हा तिथे असले पाहिजे.

आधी नावाविषयी. केचुआ भाषेत ‘पाचा’ म्हणजे भूमी आणि ‘मांका’ म्हणजे मडके. भूमी हेच मडके, असा त्याचा सरळ अर्थ. बार्बेक्यूत विस्तव पेटलेला असतो आणि मांस त्याच्या झळीवर, धुरात भाजले जाते. पाचामांकात अन्न खड्ड्यात उतरवण्यापूर्वी लाकूड आणि निखारे ओढून बाहेर काढतात. त्यानंतर आत आगीचा मागमूस नसतो. दगडांनी साठवलेली उष्णता आणि अन्नाचा स्वतःचा ओलावा, एवढ्यावर सगळे शिजते. आम्हा रायगडकरांना हे समजायला वेळ लागत नाही, कारण वालाच्या शेंगांची पोपटीही पाण्याचा थेंब न घालता, भांबुर्डीच्या पाल्याच्या वाफेवरच होते. फरक इतकाच, की पोपटीत मडके असते आणि जाळ त्याच्याबाहेर असतो. तिथे जाळ आधीच विझलेला असतो आणि मडके म्हणजे अंगणातला खड्डा.

त्याआधी दोन दिवस आम्ही एका पर्यटन कंपनीचा असाच ‘कार्यक्रम’ पाहिला होता, त्याचे नाव लिहीत नाही. मोठ्या गाजावाजात माती उकरली गेली आणि आतून झाकणाचे पातेले निघाले. मांस सकाळीच गॅसवर शिजवून ठेवले होते, हे वाढणाऱ्या मुलाने स्वतःच हसत सांगितले. लिमा शहरातील घरांत तेच मसाले वापरून पातेल्यात पाचामांका करतात आणि तिला ‘पातेल्यातली पाचामांका’ असेच म्हणतात. त्यात लबाडी काही नाही. पातेले पुरून मग ते उकरण्यात मात्र आहे.

माझी मुलगी नोकरीनिमित्त लिमात असते. तिच्या एका सहकाऱ्याचे आईवडील मांतारोच्या खोऱ्यात, वांकायो शहरापासून तासाभराच्या अंतरावर राहतात. लिमाहून तिकडे जाताना तिक्लिओचा घाट लागतो, तो ४,८०० मीटरहून उंच आहे. माझे डोके तिथे जे भणभणू लागले ते दुसऱ्या दिवशी थांबले. खोरे मात्र सपाट, रुंद आणि पिकाऊ आहे. पावसाळा संपून बटाट्याची काढणी सुरू झालेली होती आणि काढणी झाली की घरचे, शेजारचे, शहरात गेलेले असे सगळे जमून पाचामांका करतात. आम्ही गेलो त्या दिवशी पंचवीस-तीस माणसे होती.

पहाटे साडेपाचला आम्हाला उठवले तेव्हा गवतावर दहिवर गोठलेले होते. अंगणाच्या कडेला गुडघ्याहून थोडा खोल आणि दोन हात रुंद असा खड्डा होता. घरातले आजोबा एकेक दगड हातात घेऊन, फिरवून, दुसऱ्या दगडावर टिचकी मारल्यासारखा आपटून त्याचा आवाज ऐकत होते. भरीव वाजला तर इकडे, बद्द वाजला तर तिकडे. नदीतला दगड चालत नाही, कारण त्याच्या पोटात ओल असते आणि तापल्यावर तो फुटून सुटतो. त्यांच्या दगडांपैकी बरेचसे त्यांच्या वडिलांच्या वेळचे आहेत, असे सहकाऱ्याने मला भाषांतर करून सांगितले. नारळाएवढ्या त्या काळ्या दगडांची खड्ड्याच्या तोंडावर, चुना-माती काही न वापरता, एक घुमटी रचली गेली आणि एका बाजूने निलगिरीची लाकडे आत सारून पेटवण्यात आली. मला दोन दगड रचायला दिले. त्यातला एक आजोबांनी काहीही न बोलता काढून पुन्हा बसवला.

दगड तापले हे कसे ओळखायचे, तर रंगावरून. सुरुवातीला त्यांच्यावर काजळी धरते. मग तीच काजळी जळून जाते आणि दगड पांढुरके दिसू लागतात. याला जवळजवळ दोन तास लागले. तोवर पुरुषमंडळी शेकत बसलेली आणि बायका कामात, हे चित्र मात्र मला अगदी ओळखीचे वाटले.

मसाल्याबद्दल आपल्या लेखात ‘स्थानिक औषधी वनस्पती’ एवढेच आहे, आणि तिथेच खरी गंमत निसटली आहे. पाचामांकाचा वास ज्या दोन पाल्यांचा, ते वाकाताय आणि चिंचो (याचा चिंचेशी काही संबंध नाही) हे दोन्ही आपल्या झेंडूच्या कुळातले आहेत. दसऱ्याला आपण ज्याची तोरणे बांधतो, त्याचे हे चुलतभाऊ तिथे मटणाला चोळले जातात. झेंडूचे पान चुरगळल्यावर जो उग्र वास येतो, त्यात थोडा पुदिना मिसळल्याची कल्पना केली, तर वाकातायच्या जवळ जाता येईल. हा पाला, लसूण, जिरे, मीठ आणि पिवळी मिरची हे सारे आदल्या रात्री ‘बातान’वर वाटलेले होते. बातान म्हणजे त्यांचा पाटा. वरवंटा मात्र आपल्यासारखा पुढेमागे ओढायचा नसून, अर्धचंद्राकृती जड दगड दोन्ही हातांनी पाळण्यासारखा डोलवायचा असतो. माझ्या पत्नीने तो डोलवून पाहिला आणि घरातल्या आजींनी, ज्यांना सगळे ‘मामिता’ म्हणत होते, तिचा कोपर धरून तिला वजन कुठे टाकायचे ते दाखवले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यामुळे काही अडलेही नाही.

माझी पत्नी शाकाहारी आहे. येथे वाचकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतो, जी आपल्या लेखात यायला हवी होती. पाचामांकात बटाटे, रताळी आणि ‘ओका’ नावाचे कंद सगळ्यांत खाली, तापलेल्या दगडांवर जातात. त्यांवर पुन्हा दगड, त्यांवर मांस, पुन्हा दगड, आणि वरच्या थरात बाकल्याच्या हिरव्या शेंगा, मक्याची कणसे आणि ‘उमिता’, म्हणजे ओला मका वाटून कणसाच्या सालीत बांधलेल्या पुड्या. म्हणजेच मांसाचा रस खालच्या बटाट्यांवर उतरतो, आणि त्या बटाट्यांची चव त्यावरच अवलंबून असते. ‘आम्ही नुसते बटाटे खाऊ’ असे म्हणणाऱ्या शाकाहारी माणसाने हे आधी जाणून घ्यावे आणि आदल्या दिवशी सांगावे. आम्ही सांगितले होते. त्यावर त्यांनी पत्नीसाठी शेतात वेगळी ‘वातिया’ लावली. वातिया ही पाचामांकाची साधी बहीण: नांगरटीतील सुकी ढेकळे रचून लहानशी भट्टी करायची, आत काटक्या जाळून ढेकळे लाल करायची, मग बटाटे आत टाकून भट्टी त्यांच्यावरच पाडायची आणि वरून माती लोटायची. पाऊण तासाने पोरांनी काठीने उकरून काढलेले ते बटाटे, मीठ आणि मिरचीच्या ठेच्यासह, मी पाचामांकाच्या ताटापेक्षाही चवीने खाल्ले, हे कबूल करतो.

दगड पांढरे झाल्यावर मात्र घाई उडाली. घुमटी पहारेने पाडली, निखारे ओढले आणि हातोहात थर लागू लागले. एकाच्या हाती फावडे, दुसऱ्याच्या हाती कंद, तिसरीकडे मांसाच्या पराती. कोणी कोणाला हुकूम देत नव्हते, तरी पाच-सात मिनिटांत खड्डा भरला, कारण उघड्यावर दगड थंड होतात आणि मग मांस कच्चे राहते. वर हिरवा पाला आणि लसूणघास, त्यावर ओली गोणपाटे, त्यावर माती. मग सगळे वाकून वाफ कुठून निसटते आहे ते शोधू लागले आणि जिथे पांढरी रेघ दिसेल तिथे मूठभर माती थापू लागले. हे काम लहान मुलांचे, आणि माझेही.

झाकण्याआधी कोकाच्या पानांचे तीन-तीनचे जुडगे जमिनीला अर्पण झाले आणि ‘चिचा’ या मक्याच्या आंबवलेल्या पेयाची धार मातीवर सोडण्यात आली. हा पाचामामेचा, म्हणजे भूमातेचा, वाटा. पिण्यापूर्वी प्रत्येक जण पेल्यातले चार थेंब जमिनीवर शिंपडत होता. ते पाहून मला वडिलांची चित्राहुती आठवली. मातीचा ढीग झाल्यावर त्यावर काटक्यांचा क्रूस रोवून रानफुले खोचली. क्रूस आणि पाचामामा एकाच ढिगाऱ्यावर कशी, असे मी विचारले, तेव्हा सहकाऱ्याला प्रश्नच कळला नाही.

यावरूनच लेखातील दुसऱ्या विधानाकडे येतो. पाचामांका ‘इंकांच्या काळापासून जशीच्या तशी’ चालत आली आहे, असे त्यात म्हटले आहे. तापल्या दगडांवर जमिनीत शिजवण्याची रीत तिथे स्पॅनिश लोक येण्यापूर्वीची आहे, हे खरे. पण स्पॅनिश लोक पेरूत आले १५३२ मध्ये, आणि डुक्कर, मेंढी, कोंबडी, बाकला, लसूण, जिरे हे सर्व त्यांच्यानंतर आले. जाळलेली निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. त्याआधी मांस लामा, अल्पाका आणि ‘कुई’ म्हणजे गिनीपिगचे असे. कुई आमच्या खड्ड्यातही होती. मी नम्रपणे नको म्हटले आणि कोणी आग्रह केला नाही. म्हणजे ही रीत बाहेरचे घेत घेत जगली आहे. आपले तरी काय? बटाटा, मिरची, भुईमूग हे सारे अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात इकडे आले आणि आज त्यांच्याशिवाय आपला उपवासही पार पडत नाही. ‘जशीच्या तशी’ म्हटले की वाचकाला ऐकायला बरे वाटते, पण त्यामुळे पाचामांका संग्रहालयातली वस्तू होते. पेरू सरकारने २००३ मध्ये तिला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केले आणि फेब्रुवारीचा पहिला रविवार तिच्या नावे राखून ठेवला आहे, ही माहिती लेखात असती तर अधिक उपयोगी ठरली असती.

सव्वा तासाने खड्डा उघडला. उघडण्याचा मान त्या दिवसासाठी निवडलेल्या जोडप्याचा असतो. त्यांना पाचामांकाचे धर्मपिता आणि धर्ममाता म्हणतात, आणि शिजण्यात काही बिघडले तर चेष्टाही त्यांचीच होते. या वेळी काही बिघडले नव्हते. गोणपाट उचलताच जी वाफ उठली, तिने माझा चष्मा पार धुरकट करून टाकला, त्यामुळे ज्या क्षणासाठी लोक तिकीट काढतात तो मला दिसलाच नाही. मटण हाडापासून बोटाने सुटत होते, त्याला धुराचा वास नव्हता. होता तो पाल्याचा आणि किंचित मातीचा. सगळे एका मोठ्या कापडावर ओतले गेले आणि पहिला वाटा शेजारच्या आजारी म्हाताऱ्याकडे रवाना झाला.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की पुढील लेखात आपल्या प्रतिनिधीने वाचकांना दुपारचे तिकीट सुचवू नये. गावातील कुटुंबांकडून किंवा गावसमूहाकडून थेट बोलावणे मिळवता येते. त्यासाठी दोन-तीन दिवस आधी कळवावे लागते, खर्चाचा वाटा उचलावा लागतो आणि पहाटेच्या थंडीत उठावे लागते.

आम्ही निघालो तेव्हा ऊन उतरले होते. आजोबा निवालेले दगड खड्ड्यातून काढून पुन्हा एकेक वाजवून पाहत होते. दोन तडकलेले निघाले, ते त्यांनी कुंपणाच्या भिंतीत बसवले आणि उरलेले मोजून वळचणीला रचून ठेवले.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, अलिबाग