बंदर कोणाचं, यावर भांडून काय मिळणार?

महोदय,

बंदरात अमली पदार्थांचा साठा सापडला की आपल्याकडे दोन-चार दिवस एकच वाद रंगतो : बंदर कोणाचं? सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातेत मुंद्र्याला, अदानींच्या बंदरात, दोन कंटेनरांतून २,९८८ किलो हेरॉइन निघालं, तेव्हा विरोधकांनी अदानींचं नाव घेतलं आणि सत्ताधाऱ्यांनी ‘पकडलं ते आमच्याच यंत्रणेनं’ म्हणून पाठ थोपटून घेतली. कंटेनर उघडून बघण्याचा अधिकार आम्हाला नाही, असा खुलासा कंपनीनं केला. माझी उभी हयात उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात कस्टम्स क्लिअरिंगचे कागद घेऊन धावण्यात गेली, म्हणून सांगतो, तो खुलासा कायद्यानं बरोबर होता. टर्मिनलवाला कंटेनर उतरवतो, रचतो, भाडं लावतो. सील तुटतं ते कस्टम्सच्या हुकमानं.

मालकीवरून रान उठवून काय साधतं, हे अमेरिकेनं २००६ साली दाखवलंय. दुबईच्या डीपी वर्ल्डनं पी अँड ओ ही बंदरं चालवणारी ब्रिटिश कंपनी घेतली, तिच्याबरोबर अमेरिकेतली काही टर्मिनलंही आली. तिथल्या संसदेत दोन्ही पक्ष तुटून पडले. अध्यक्ष बुश यांनी नकाराधिकार वापरण्याची धमकी दिली, तीही चालली नाही. दुबईवाल्यांना ती टर्मिनलं विकावी लागली. पुढच्याच वर्षी कायदा झाला की, अमेरिकेकडे निघणारा प्रत्येक कंटेनर २०१२ पासून परदेशी बंदरातच स्कॅन व्हायला हवा. मुदतीवर मुदत वाढत गेली, शंभर टक्के स्कॅनिंग काही झालं नाही. पी अँड ओच्या त्याच सौद्यात न्हावा-शेव्याचं एनएसआयसीटी टर्मिनलही दुबईकडे आलं, पण इथे फारशी कोणी दखलही घेतली नाही. माझ्या मते घेण्याजोगं त्यात काही नव्हतंच. रायगडकराला तर हे सांगायला नको. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स इथल्याच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं ते कोणाच्या मालकीच्या धक्क्यावर नव्हे, आणि त्या खटल्यात कस्टम्सचे अधिकारीच दोषी ठरले.

खरी गोम तपासणीत आहे. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा तपशील, भरलं की कोणता माल उघडायचा हे संगणकावरची जोखीम-प्रणाली ठरवते. बहुतेक माल न उघडताच सुटतो, आणि सुटायलाच हवा. जेएनपीएनं, म्हणजे न्हावा-शेव्याच्या बंदर प्राधिकरणानं, २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापानं) हाताळले. सगळे उघडायला घेतले तर ट्रेलरची रांग करळ फाट्यावरून पळस्प्यापर्यंत जाईल. प्रश्न आहे तो उघडल्यावर काय बघतात याचा. सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, भर दुपारी बोल्ट सील कटरनं तोडतात, नंबर कागदाशी ताडतात, दार उघडलं की औषध मारलेल्या मालाची वाफ अंगावर येते. कामगार पुढच्या दोन-तीन रांगा खाली उतरवतात. साहेबांना अजून दुसऱ्या शेडला जायचं असतं, आयातदाराचा माणूस कानाशी ‘साहेब, ग्राउंड रेंट चढतंय’ म्हणत उभा. अख्खा कंटेनर रिकामा करायचा तर दिवस मोडतो आणि मजुरी आयातदाराच्या माथी. मग बहुधा पुढच्या रांगांवरच भागतं. मुंद्र्याला कागदावर टाल्कचे दगड होते. तसल्या मालाच्या एकसारख्या गोण्यांमध्ये शेवटच्या रांगेतली गोणी पुढून कशी कळणार?

न्हावा-शेव्याचंच उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये ज्येष्ठमधाच्या काड्यांवर हेरॉइनचा लेप चढवलेला कंटेनर सापडला. तो वर्षाहून अधिक काळ इथेच पडून होता. पत्ता लागला तो दिल्लीत पकडलेल्या अफगाणांच्या चौकशीतून. गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानी मालावर पूर्ण बंदी आली. जूनमध्ये डीआरआयनं (महसूल गुप्तचर संचालनालयानं) ३९ कंटेनर धरले, सुमारे १,११५ टन माल. कागद दुबईचे, आतली खारीक पाकिस्तानची. हेही खबरीचं आणि कागद उलटेपालटे करून पाहण्याचं काम. ज्यांनी ते केलं त्यांना शाबासकी द्यायलाच हवी, पण तसं काम करायला माणसं आणि वेळ लागतो.

किती तासांत माल सुटला, याचा अभ्यास न्हावा-शेव्याचं कस्टम्स छापतं, मंत्री तो भाषणात वाचतात. किती कंटेनर उघडले आणि त्यातले किती तळापर्यंत रिकामे केले, हा आकडा मला कधी छापलेला दिसला नाही. निदान एकूण आकडा तरी जाहीर करायला हरकत नसावी. कोणता कंटेनर का निवडला ते गुप्तच राहू दे.

आता पालघर जिल्ह्यात वाढवण येतंय. ७६,२२० कोटींचं बंदर, मच्छीमारांचा विरोध, नोकऱ्यांची आश्वासनं, सगळं बोलून होतंय. तपासणीबद्दल मात्र चकार शब्द नाही. तिथे कस्टम्सची किती पदं मंजूर झाली, स्कॅनरच्या पडद्यापुढे एका पाळीत किती जण बसणार, हे पालघर आणि रायगडच्या खासदारांनी संसदेत लेखी विचारावं. न्हावा-शेव्याला सध्या किती पदं रिकामी आहेत, तेही त्याच प्रश्नात विचारता येईल.

— एक निवृत्त डॉक क्लार्क, उरण
(नाव न छापण्याची विनंती)