हातातली बांगडी उसनी देणाऱ्या मावशींस

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कुठेही लिहायचे नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून हे पत्र नुसते ‘मावशी’ म्हणून लिहीत आहे. कोलशेत गावातल्या आमच्या आळीत ते कुणासाठी आहे हे ओळखायला फार वेळ लागणार नाही, पण त्याला माझा इलाज नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी टर्कीची 15 पिल्ले घरी आणली, ती केवळ हौसेपोटी. नोकरीतून मोकळा झालो होतो, मागच्या अंगणात आईच्या चार कोंबड्या होत्याच, त्यामुळे पक्ष्यांतले आपल्याला थोडेफार कळते असा माझा गोड गैरसमज होता. विकणाऱ्यानेही ‘कोंबडीच्या पिल्लांसारखीच वाढतात, दिवा लावा आणि दाणे टाका’ असे सांगून तो पक्का केला. मी लाकडी खोके घेतले, त्यात 60 वॅटचे दोन पिवळे बल्ब टांगले, खाली वर्तमानपत्र अंथरले आणि थर्मामीटरवर 35 अंश दिसल्यावर स्वतःवरच खूश झालो. चौथ्या दिवशी सकाळी 3 पिल्ले मरून पडलेली दिसली आणि दुपारी आणखी एक गेले. दाण्यांचे भांडे भरलेले होते, पाण्याचेही भरलेले होते, आणि उरलेली पिल्ले त्या दोन्ही भांड्यांना खेटून उभी राहून चिवचिवत होती.

त्यानंतर मी कुणाकुणाकडे गेलो हे तुम्हाला ठाऊक आहे, तरीही एकदा लिहून ठेवतो. विकणाऱ्याने दोन वेळा फोन कापला आणि तिसऱ्यांदा उचललाच नाही. ज्या दवाखान्यात मी भर पावसात दोन पिल्ले टॉवेलात गुंडाळून नेली, तिथल्या माणसाने दारातूनच ‘आमची फी पिल्लाच्या किमतीपेक्षा जास्त होईल’ असे सांगितले. ते खरेही असेल, पण टॉवेल उघडून पाहायला तर काही फी पडत नव्हती. खाद्याच्या दुकानदाराने कोंबडीच्या पिल्लांचेच खाद्य पुन्हा माझ्या हातात ठेवले. आणि या सगळ्यांनी, अगदी आमच्या नातेवाइकांनीसुद्धा, पहिला प्रश्न एकच विचारला: ‘पण तुम्ही हे आणलेच कशाला?’

तुम्ही तो प्रश्न विचारला नाहीत. आईने संध्याकाळी भिंतीवरून तुम्हाला सहज सांगितले आणि तुम्ही डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून तशाच आलात. तुमचे माहेर वसईचे, तिथे नाताळसाठी परसात टर्की वाढवत असत, हे आम्हाला त्या दिवशी प्रथमच कळले. खोक्यात वाकून पाहून तुम्ही म्हणालात, “ही आजारी नाहीत, उपाशी आहेत.” अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते, तिच्यावर त्याचे दोन-तीन दिवस निघतात, तेवढ्यात खायला शिकले तर ते जगते, आणि टर्कीचे पिल्लू याबाबतीत कोंबडीच्या पिल्लापेक्षा फारच मंद असते. दाणा समोर असतो, भूकही असते, पण चोच कुठे मारायची हे त्याला कुणीतरी दाखवावे लागते. मी 28 दिवस अंडी उबवणाऱ्या आईच्या जागी दोन बल्ब टांगले होते; बल्ब ऊब देतो, शिकवत नाही.

आणि मग तुम्ही उजव्या हातातली एक हिरवी काचेची बांगडी काढून पाण्याच्या उथळ ताटलीत ठेवलीत. माझी आई चांगलीच दचकली. सवाष्णीने हातातली बांगडी अशी काढू नये असे ती म्हणाली, तेव्हा तुम्ही मान वर न करता उत्तर दिलेत, “काढली कुठे? उसनी दिली.” बल्बच्या उजेडात पाण्याखाली ती बांगडी लखलखू लागली. तुम्ही बोटाच्या नखाने तिच्यावर हळूच टकटक केलेत. सगळ्यांत अशक्त पिल्लाने मान तिरकी करून एका डोळ्याने पाहिले, एक पाऊल पुढे टाकले आणि त्या चमकेवर चोच मारली. काचेचा बारीक आवाज झाला. चोचीला पाणी लागले, आणि ते काय आहे हे न कळल्यासारखे पिल्लू क्षणभर थांबले. मग त्याने मान वर केली आणि त्याच्या गळ्यावरची पिवळी लव हलली. दुसऱ्या पिल्लाने त्याचे पाहून चोच मारली. जी आली नाहीत त्यांची चोच तुम्ही स्वतः धरून पाण्यात बुडवलीत, एकेकाची, रात्री अकरापर्यंत, घरी तुमचा स्वयंपाक व्हायचा होता तरीही.

पुढचे सगळे मी तुमच्या सांगण्याप्रमाणे करत गेलो. निसरड्या कागदावर पाय फाकतात म्हणून त्याच्या जागी गोणपाट आले, कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरू नयेत म्हणून पुठ्ठ्याचे गोल कुंपण आले, उकडलेल्या अंड्यात बारीक चिरलेली कांद्याची पात आली, आणि शोधाशोध करून 28 टक्के प्रथिनांचे खाद्यही मिळाले. शिकवायला कोंबडीचे एखादे पिल्लू सोबत सोडू का, असे मी विचारले तेव्हा मात्र तुम्ही मला चांगलेच झापलेत. कोंबडी स्वतः धडधाकट राहते, पण तिच्या विष्ठेतल्या जंतांच्या अंड्यांतून ब्लॅकहेडचा रोग टर्कीपर्यंत पोचतो आणि तिचे यकृत नासवतो, हे मला त्याआधी कुणीच सांगितले नव्हते, विकणाऱ्याने तर नाहीच. आईच्या कोंबड्या त्याच रात्री पुढच्या अंगणात गेल्या.

त्या आठवड्यात आणखी एक पिल्लू गेले. ते तुमच्याच ओंजळीत गेले आणि तुम्ही ‘उशीर झाला होता’ एवढेच म्हणालात. हा उशीर माझा होता. तुम्ही तसे म्हणू शकला असता, इतरांनी म्हटलेच असते. मदत करणारी माणसे जगात कमी नाहीत, पण त्यांतली बरीचशी आधी समोरच्याचा मूर्खपणा त्याच्या पदरात घालतात आणि मगच हात पुढे करतात. त्यांची मदत मी याआधी अनेकदा घेतली आहे आणि, खोटे कशाला बोलू, अशीच मदत मी स्वतःही केली आहे. गोल पुठ्ठ्याशेजारी पाटावर बसून नखाने टकटक करणाऱ्या तुमच्याकडे पाहताना मला त्याची लाज वाटली.

आता डिसेंबर सुरू झाला आहे. 10 पक्षी राहिले आहेत, आणि त्यांतल्या चार नरांनी आळीला हैराण करून सोडले आहे, कारण कुणाच्याही कुकरची शिट्टी झाली की ते चौघे एका सुरात ओरडून तिला उत्तर देतात. आईने त्यांची नावेही ठेवली आहेत, आणि तिथेच माझी अडचण झाली आहे. नाताळला यातला एक तुमच्या घरी पोचवायचा हे मी जुलैतच बोलून बसलो होतो आणि शब्द फिरवणार नाही; पण कोणता द्यायचा हे मला ठरवता येत नाही आणि आईला विचारण्याची हिंमत होत नाही. तेव्हा येत्या रविवारी तुम्हीच येऊन निवडा. तुमची बांगडी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली आहे, तीही घेऊन जा. तिच्यावर पाण्याचे पांढरे डाग पडले आहेत, चिंच लावून पाहिली तरी ते पुरते निघाले नाहीत.

आपला नम्र,
भिंतीपलीकडचा शेजारी