‘मी’ गेला म्हणजे नेमके काय गेले?

महोदय,

आपल्या पुरवणीतील ध्यानशिबिरांवरचा लेख वाचला. ‘अहं विरघळला, विश्वाशी एकरूप झालो’ असे सांगणाऱ्यांचे अनुभव त्यात मन लावून मांडले आहेत आणि ते खोटे मानायचे काही कारण नाही. हरकत आहे ती हे सगळे अनुभव एकाच माळेत ओवून त्यांवर ‘साधना योग्य दिशेने चालल्याची खूण’ असा शिक्का मारण्याला. हे शरीर माझे आहे, ते इथे आहे, ते इथे संपते, हालचाल मी करतो आहे, डोक्यातली बडबड माझी आहे, कालचा आणि आजचा मी तोच आहे, समोरचे दृश्य मला भिडते आहे, या सगळ्या वेगवेगळ्या जाणिवा आहेत. एरवी त्या एकत्र नांदतात म्हणून त्यांचा एक ‘मी’ वाटतो. त्यातली एखादीच सुटी होऊ शकते. कोणती सुटली, यावर पुढचे बरेचसे ठरते.

शरीराची हद्द किती कच्ची असते हे पाहायला ध्यानाचीही गरज नाही. बॉटविनिक आणि कोहेन या संशोधकांनी 1998 मध्ये मांडलेला रबरी हाताचा प्रयोग कोणत्याही टेबलावर करता येतो. खरा हात आडोशामागे ठेवायचा आणि त्याच बाजूचा रबरी हात वीतभर अंतरावर, डोळ्यांसमोर, बोटे त्याच दिशेला करून ठेवायचा. दोन सारखे मऊ ब्रश घेऊन दोन्ही हातांच्या त्याच बोटावर, त्याच दिशेने, त्याच क्षणी फिरवायचे. मिनिट-दोन मिनिटांत बहुतेकांना स्पर्श रबरी हातावरच होत असल्यासारखा वाटू लागतो. मग डोळे मिटून ‘तुमचा हात कुठे आहे ते दुसऱ्या हाताने दाखवा’ म्हटले, तर बोट खऱ्या हाताऐवजी रबरी हाताच्या बाजूला सरकलेले असते. प्रयोग फसतो तो ठरावीक कारणांनी. दोन ब्रशांत अर्ध्या सेकंदाची तफावत पडली, रबरी हात आडवा वळवला किंवा फार दूर ठेवला, की भास ढिला पडतो. काहींना सगळे बरोबर करूनही काहीच जाणवत नाही. आणि काय वाटणार हे आधीच सांगून टाकले, तर उत्तरे जाणिवेतून आली की सूचनेतून हे कळायचा मार्ग उरत नाही. शिबिरांत नेमके हेच होते, पहिल्याच प्रवचनात शेवटचा अनुभव वर्णन करून सांगितलेला असतो.

नजर आणि स्पर्श यांचा मेळ बसला की मेंदू शरीराची सीमा नव्याने आखतो, एवढे यातून दिसते. आता मांडीवर एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून 40 मिनिटे निश्चल बसा. त्वचेकडून आणि सांध्यांकडून येणारी खबर बदलत नाही आणि न बदलणारी खबर मेंदू हळूहळू कानाआड करतो. आधी वरचा तळवा कोणता आणि खालचा कोणता हे कळेनासे होते, मग हातांची कड पुसट होते, मग मांडी आणि आसन यांतला फरक जातो. हा पहिला ‘विरघळण्याचा’ अनुभव बहुतेकांना येतो आणि तो निरुपद्रवी असतो. पडताळा सोपा आहे. अंगठा किंचित हलवा. हाताची कड लगेच परत आली, तर जे गेले ते स्पर्शाचे भान होते. त्याला आत्मसाक्षात्कार म्हणायची घाई करू नये.

डोक्यातली बडबड थांबणे हे प्रकरण वेगळे. माणूस काही विशेष करत नसतो तेव्हा मेंदूच्या मध्यरेषेलगतचे काही भाग एकत्र काम करतात आणि स्वतःविषयीच्या विचारांशी त्यांचा जवळचा संबंध आहे. या जाळ्याला ‘डिफॉल्ट मोड’ असे नाव 2001 मध्ये मिळाले. मुरलेल्या ध्यान करणाऱ्यांत ते शांत दिसते, असा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. पण अवघड बेरीज करतानाही हे जाळे मंदावते. म्हणून ‘मेंदूच्या स्कॅनने एकरूपता सिद्ध केली’ अशी मथळेबाजी करू नये, ही वृत्तपत्रांना खास विनंती.

कुठला अनुभव कुठल्या जातीचा हे ओळखायला सर्वांत उपयोगी पडते ते घड्याळ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1902 मध्ये गूढानुभवाची चार लक्षणे सांगितली. तो शब्दांत सांगता येत नाही, त्यातून काही सत्य कळल्याची खात्री वाटते, तो फार टिकत नाही आणि तो आपण करत नसून आपल्याला होतो आहे असे वाटते. कालावधी त्यांनी अर्धा तास, फार तर तास-दोन तास असा दिला. याउलट परमानंदाचा अनुभव काही सेकंद ते दोन-तीन मिनिटेच टिकत असेल आणि दर वेळी हुबेहूब तसाच, कशाशीही संबंध नसताना येत असेल, तर तो अपस्माराचा झटका असू शकतो. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) आणि मेंदूविकारतज्ज्ञ, हा त्याचा रस्ता. एकरूपतेचा उत्साह दिवसेंदिवस टिकतो, दोन-तीन तास झोपूनही थकवा येत नाही, बोलणे आवरत नाही, पैसे वाटले जातात आणि ‘हे फक्त मलाच कळले आहे’ असे वाटू लागते, तेव्हा तो उन्माद असण्याची शक्यता मोठी. अशा माणसाला आणखी ध्यानाला बसवणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

सर्वांत जास्त गल्लत होते ती डिपर्सनलायझेशनबाबत, म्हणजे स्वतःपासूनच तुटल्यासारखे वाटण्याबाबत. इथेही ‘मी’ सैल होतो, पण भावना सोबत येत नाहीत. स्वतःचा आवाज परका वाटतो, घरची माणसे ओळखीची असूनही मनाला भिडत नाहीत, सगळे काचेपलीकडे घडते आहे असे वाटते. एकरूपतेत सीमा गेल्यावर जवळीक वाढते, इथे ती आटते. हे काही मिनिटांत जाऊ शकते किंवा महिनोन्‌महिने राहू शकते. अपुरी झोप, घबराटीचा झटका आणि गांजा ही त्याची नेहमीची निमित्ते. ‘असे वाटते आहे, तसे खरोखर नाही’ ही समज या माणसाला पूर्ण असते, म्हणून ‘मला वेड लागते आहे का’ या भीतीला ‘नाही’ असे उत्तर देता येते. बिघडते ते सारखे तपासत राहिल्याने. आरशात पाहणे, हात चिमटणे, ‘आता खरे वाटते का’ असे विचारणे, यानेच ते जिवंत राहते. अशा वेळी ‘शून्यता उतरते आहे, साक्षीभाव वाढवा’ असा सल्ला देणारा शिक्षक नेमके उलटे करत असतो. बैठक बंद करावी, डोळे उघडे ठेवावेत, पोटभर खावे, रात्रभर झोपावे, हातापायांना काम द्यावे. दोन आठवड्यांत फरक नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावे.

वेगवान श्वसनाचे प्रकार तर वेगळ्याच कारणाने काम करतात. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात, हात आत वळून आखडतात, भोवतालचे जग अवास्तव वाटू लागते. याला ‘ऊर्जा चढली’ म्हणतात. श्वास संथ केला की ती काही मिनिटांत उतरते. उभ्याने किंवा पाण्यात हे कधीही करू नये आणि अपस्मार, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर अजिबातच नको.

शिबिरांच्या माहितीपत्रकांबद्दल एक ऐतिहासिक दाखला देतो. 1962 च्या गुड फ्रायडेला बोस्टन विद्यापीठाच्या प्रार्थनागृहात वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या 20 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहांना सायलोसायबिन हे भास घडवणारे द्रव्य, दहांना तुलनेसाठी नायसिन हे जीवनसत्त्व. सायलोसायबिनवाल्यांपैकी बहुतेकांना गूढानुभव आला आणि प्रयोग जगभर गाजला. 1991 मध्ये त्याचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, तेव्हा कळले की एक जण इतका बिथरला होता की त्याला शांत करायला औषध टोचावे लागले, आणि मूळ अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता. यशाच्या कहाण्या छापायच्या आणि बिथरलेला माणूस गाळायचा, ही सवय तेव्हापासूनची. उलट बाजूनेही भान ठेवायला हवे. ध्यानातल्या त्रासांचा 2017 मधला ब्राउन विद्यापीठाचा अभ्यास अनेकदा भीती घालायला वापरला जातो. त्यात त्रास झालेल्यांनाच मुद्दाम शोधून मुलाखती घेतल्या होत्या. त्यावरून त्रासाचे प्रकार कळतात, प्रमाण कळत नाही.

म्हणून आयोजकांनी नाव नोंदवतानाच चार गोष्टी विचाराव्यात : फिट येतात का, स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कुणाला उन्माद अथवा भ्रमाचा आजार झाला आहे का, कोणती औषधे चालू आहेत, गेल्या आठवड्यात झोप कशी होती. चालू औषधे शिबिरासाठी थांबवायला लावू नयेत. रात्रीच्या सात तास झोपेवर कात्री लावू नये. मौन असले तरी रोज एकदा, प्रवचन न देणाऱ्या कुणीतरी प्रत्येकाशी पाच मिनिटे बोलावे आणि ‘अनुभव आला का’ असे न विचारता ‘झोपलात किती, जेवलात किती’ असे विचारावे. घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक कार्यालयात लिहिलेला असावा, आणि शिबिर अर्धवट सोडणाऱ्याला त्याचे पैसे परत मिळतील असे माहितीपत्रकात छापलेले असावे. पैसे बुडतील या भीतीने कुणाला थांबावे लागू नये.

– मानसशास्त्राचा एक अध्यापक